ब्राउझरमध्ये उघडतं, प्रोग्राममधून ४०३: क्लायंट सर्टिफिकेट मशीनगणिक का अडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी तुम्ही सी-शार्पमध्ये डिस्पॅचचा विंडोज प्रोग्राम लिहिला आहे. पॅकिंग लिस्ट आणि गाडीची माहिती खरेदीदाराच्या सर्व्हरवर एचटीटीपीएसने पाठवायची आहे आणि त्या सर्व्हरला क्लायंट सर्टिफिकेट, म्हणजे पाठवणाऱ्याची ओळख पटवणारं डिजिटल प्रमाणपत्र, लागतं. खरेदीदाराने एक पीएफएक्स फाइल आणि तिचा पासवर्ड मेलने पाठवला. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की सर्टिफिकेट निवडायची खिडकी येते आणि पान उघडतं. तुमच्या मशीनवर प्रोग्रामही चालतो. कारखान्यात मात्र दोन मशीनवर ४०३, म्हणजे सर्व्हरचा 'प्रवेश नाकारला' असा नकार, येतो, एका जुन्या विंडोज ७ मशीनवर 'सुरक्षित चॅनल तयार करता आला नाही' असं येतं, आणि रात्री डेटा पाठवणारी सर्व्हिस (कोणी लॉगिन न करता पाठीमागे चालणारा प्रोग्राम) कधीच यशस्वी होत नाही, पण तोच कोड हाताने चालवला की जातो. कोड तोच, सर्टिफिकेट तेच, मग फरक कशाचा?

फरक प्रायव्हेट कीचा आहे. त्या पीएफएक्समध्ये दोन वस्तू आहेत. एक सर्टिफिकेट, जे कोणालाही दाखवायला हरकत नाही. दुसरी त्याची प्रायव्हेट की, म्हणजे सही करायची गुप्त चावी. टीएलएसचा, म्हणजे एचटीटीपीएसमागच्या सुरक्षित जोडणीचा, हँडशेक (सुरुवातीची ओळखपाळख) चालू असताना सर्व्हर सर्टिफिकेट मागतो. तुमच्या बाजूने आधी सर्टिफिकेट जातं आणि पाठोपाठ, तोवर झालेल्या देवाणघेवाणीवर प्रायव्हेट कीने केलेली सही जाते. प्रायव्हेट की स्वतः मशीन सोडत नाही. बहुतेक सर्व्हरांवर हे सगळं तुमची गेट किंवा पोस्ट रिक्वेस्ट निघण्याआधीच उरकतं, म्हणून हेडर बदलून किंवा जेसन पुन्हा पुन्हा तपासून हाती काही लागत नाही. सर्टिफिकेटची फाइल कुठेही कॉपी करता येते. प्रायव्हेट की मात्र विंडोज एखाद्या खात्याच्या नावावर ठेवतं, आणि सही करायच्या वेळी प्रोग्राम कोणत्या खात्याखाली चालतोय यावर ती मिळणार की नाही हे ठरतं.

ब्राउझरच्या चाचणीवरून निष्कर्ष काढताना हेच लक्षात घ्या. ब्राउझर लॉगिन केलेल्या माणसाच्या खात्यात चालतो, त्याच्याच 'पर्सनल' स्टोअरमध्ये (विंडोजच्या सर्टिफिकेट ठेवायच्या कप्प्यात) बघतो आणि कोणतं सर्टिफिकेट द्यायचं ते त्यालाच विचारतो. प्रोग्राम कोणाला विचारत नाही. त्याला योग्य सर्टिफिकेट मिळालं नाही तर तो बहुतेक वेळा गुपचूप रिकाम्या हाताने पुढे जातो, आणि तुम्हाला दिसतो तो सर्व्हरचा ४०३.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. पलीकडचं वेबसर्व्हर सॉफ्टवेअर आयआयएस आहे की एनजिनएक्स, तुमचा प्रोग्राम जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कवर आहे की नव्या डॉटनेटवर, सर्व्हिस कोणत्या खात्याखाली चालते, आणि पीएफएक्स कोणत्या साधनाने बनवली, या चार गोष्टी कळल्याशिवाय नेमकं बोट ठेवता येणार नाही. पण तपासायचा क्रम ठरलेला आहे. तो पाळला तर दुपारभरात उलगडा होतो.

सुरुवात सर्व्हर काय म्हणतोय ते नीट वाचण्यापासून करा. आयआयएसमध्ये ४०३ च्या पुढे उपक्रमांक असतो. ४०३.७ म्हणजे सर्टिफिकेट आलंच नाही. ४०३.१३ म्हणजे आलं, पण रद्द झालेलं. ४०३.१६ म्हणजे आलं, पण ते देणाऱ्यावर सर्व्हरचा विश्वास नाही. ४०३.१७ म्हणजे मुदत संपली किंवा अजून सुरू झालेली नाही. हा उपक्रमांक तुमच्यापर्यंत बहुधा पोचत नाही, सर्व्हरच्या लॉगमध्ये राहतो. तेव्हा खरेदीदाराच्या आयटीवाल्यांना 'चालत नाही' असं न लिहिता तारीख, नेमकी वेळ आणि तुमचा बाहेरचा आयपी देऊन उपक्रमांक मागा. लगेच उत्तर येतं, कारण त्यांना शोधायला सोपं जातं. एनजिनएक्स असेल तर ४०३ ऐवजी ४०० येतो आणि आवश्यक सर्टिफिकेट पाठवलं नाही असं पानावर स्पष्ट लिहिलेलं असतं. सर्टिफिकेट पोचलं नाही आणि पोचलं पण नाकारलं, ही दोन अगदी वेगळी दुखणी आहेत. पहिलं तुमच्या बाजूचं, दुसरं बहुतेक वेळा त्यांच्या.

आता तुमच्या ४०३ वाल्या दोन मशीनकडे. रन खिडकीत सर्टएमजीआर डॉट एमएससी टाका, पर्सनलमधलं सर्टिफिकेट डबल क्लिक करा आणि पहिल्या पानाच्या तळाशी बघा. 'या सर्टिफिकेटशी जुळणारी प्रायव्हेट की तुमच्याकडे आहे' अशा अर्थाची इंग्रजी ओळ आणि शेजारी चावीचं छोटं चित्र दिसलं पाहिजे. ही ओळ नसेल तर तिथे कोणीतरी पीएफएक्सऐवजी सीईआर किंवा सीआरटी फाइल टाकली आहे. असं नेहमी होतं, कारण एका मशीनवरून एक्सपोर्ट करताना 'प्रायव्हेट की एक्सपोर्ट करू नका' हाच पर्याय आधीपासून निवडलेला असतो आणि माणूस नेक्स्ट, नेक्स्ट करत जातो. यादीत सर्टिफिकेट दिसतं, नाव बरोबर, तारीख बरोबर, पण सही करायला काही नाही. प्रोग्राममध्ये हेच हॅजप्रायव्हेटकी या गुणधर्माने तपासता येतं. सर्टिफिकेट लोड झाल्या झाल्या ते तपासा आणि उत्तर नाही आलं तर तिथेच स्पष्ट मराठीत संदेश दाखवून थांबा. नेटवर्कपर्यंत जाऊच नका.

चावी दिसतेय, तरी प्रोग्रामला सापडत नाही, असं असेल तर शोधायच्या पद्धतीत दोन खड्डे आहेत. पहिला थंबप्रिंटचा, म्हणजे सर्टिफिकेट ओळखायच्या हेक्स क्रमांकाचा. सर्टिफिकेटच्या खिडकीतून थंबप्रिंट कॉपी करून कोडात किंवा कॉन्फिग फाइलमध्ये चिकटवला, तर काही विंडोज आवृत्त्यांमध्ये सुरुवातीला एक अदृश्य अक्षर येतं. डोळ्यांना दिसत नाही, पण तुलना फसते. नोटपॅडमध्ये चिकटवून बाण-कीने पहिल्या अंकावरून मागे या. कर्सर एका ठिकाणी दोनदा थांबला तर ते अक्षर तिथे आहे. माझा सल्ला असा की कोडातच आधी हेक्स अंकांखेरीज सगळं गाळून टाका. दुसरा खड्डा फाइंड मेथडच्या शेवटच्या पॅरामीटरचा, म्हणजे 'फक्त वैध' मागण्याचा. तिथे ट्रू दिलं की विंडोजला जे देणारं माहीत नाही ते प्रत्येक सर्टिफिकेट गाळलं जातं. खरेदीदाराने स्वतःच्या खासगी सीएकडून (सर्टिफिकेट देणाऱ्या यंत्रणेकडून) सर्टिफिकेट दिलं असेल आणि त्या सीएचं रूट, म्हणजे मूळ सर्टिफिकेट, फक्त तुमच्याच मशीनवर बसवलेलं असेल, तर हुबेहूब तुमच्यासारखं चित्र दिसतं: तुमच्याकडे चालतं, कारखान्यात यादी रिकामी. तिथे फॉल्स द्या. वैध आहे की नाही हे सर्व्हर बघेल, ते त्याचं काम.

यापुढची पायरी निवडीची. सर्टिफिकेट सापडलं, प्रायव्हेट की आहे, हँडलरच्या (प्रोग्राममधल्या, जोडणी सांभाळणाऱ्या ऑब्जेक्टच्या) यादीतही घातलं, तरी ते पाठवलं जाईलच असं नाही. एचटीटीपीक्लायंटहँडलर यादीतलं सर्टिफिकेट उचलताना त्याचा वापर-हेतू बघतो. एन्हान्स्ड की युसेजमध्ये 'क्लायंट ऑथेंटिकेशन', क्रमांक १.३.६.१.५.५.७.३.२, असायला हवा. शेवटी २ ऐवजी १ असेल तर ते सर्व्हरचं सर्टिफिकेट आहे आणि हँडलर ते न सांगता वगळतो. इथे एक ताजी अडचण आहे. बरेच लोक आपल्या वेबसाइटचंच सर्टिफिकेट क्लायंट म्हणून वापरायचे, कारण त्यात दोन्ही हेतू असत. २०२५ पासून सार्वजनिक सीए वेबसाइटच्या सर्टिफिकेटमधून क्लायंटचा हेतू काढून टाकायला लागले आहेत. त्यामुळे नूतनीकरण झालं आणि दुसऱ्या दिवशी फोन आला, 'कालपर्यंत चालत होतं की ओ!' असं झालं तर आधी हा क्रमांक बघा.

जुन्या फ्रेमवर्कमध्ये निवडीला आणखी एक चाळणी लागते. सर्व्हर हँडशेकमध्ये आपल्याला चालणाऱ्या सीएंची यादी पाठवू शकतो. तशी यादी आली की प्रोग्राम तुमच्या सर्टिफिकेटची साखळी (ते कोणी दिलं, त्या देणाऱ्याला कोणी दिलं, हा माग) त्यातल्या एखाद्या नावापर्यंत पोचते का बघतो. मधलं, म्हणजे इंटरमीजिएट सर्टिफिकेट त्या मशीनवर नसेल तर साखळी तुटते आणि सर्टिफिकेट बाद होतं. हे कळायला फ्रेमवर्कचा स्वतःचा लॉग उत्तम. ॲप कॉन्फिगमध्ये सिस्टम डॉट नेट या नावाचा ट्रेस सोर्स व्हर्बोज पातळीवर चालू करा, फाइलमध्ये लिहायला लावा आणि एकदाच रिक्वेस्ट पाठवा. सर्व्हरने किती इश्युअर सांगितले याची ओळ त्यात येते, आणि त्यानंतर 'लेफ्ट विथ ० क्लायंट सर्टिफिकेट्स टू चूज फ्रॉम' अशी ओळ दिसली तर शोध संपला. पीएफएक्स नुसती फाइल म्हणून लोड न करता विझार्डने इम्पोर्ट करा आणि स्टोअर आपोआप निवडू द्या. मधली सर्टिफिकेटं तेव्हा आपल्या जागी, इंटरमीजिएट स्टोअरमध्ये, जातात. फक्त कोडातून फाइल उघडली तर आतली मधली सर्टिफिकेटं सर्व्हरला जातील असं गृहीत धरू नका.

नेटवर्कवरची वाहतूक दाखवणारं वायरशार्क वापरायची सवय असेल तर टीएलएस १.२ मध्ये हे उघड दिसतं. सर्व्हरकडून सर्टिफिकेट रिक्वेस्ट येते, उत्तरात क्लायंटचा सर्टिफिकेट संदेश जातो आणि त्यातली लांबी शून्य असते. रिकामं पाकीट पाठवल्याचा हा पुरावा. टीएलएस १.३ मध्ये हा भाग एन्क्रिप्ट होतो, तेव्हा तपासापुरती १.२ ची सक्ती करावी लागते.

आता रात्रीच्या सर्व्हिसचं. हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त भेटणारं. तुम्ही सर्टिफिकेट तुमच्या किंवा ऑपरेटरच्या करंट युजर स्टोअरमध्ये टाकलंत. सर्व्हिस लोकल सिस्टम किंवा नेटवर्क सर्व्हिस या खात्याखाली चालते. तिचा 'करंट युजर' वेगळा, स्टोअर वेगळं, आणि ते रिकामं. हाताने चालवलं की तुमचं खातं, म्हणून जातं. उपाय असा: सर्टएलएम डॉट एमएससी उघडा, म्हणजे लोकल मशीनचं स्टोअर. विंडोज ७ वर ही फाइल नाही, तिथे एमएमसीमध्ये सर्टिफिकेट्स स्नॅप-इन जोडून कॉम्प्युटर अकाउंट निवडावं लागतं. पर्सनलमध्ये पीएफएक्स इम्पोर्ट करा. मग सर्टिफिकेटवर राइट क्लिक, ऑल टास्क्स, मॅनेज प्रायव्हेट कीज, आणि सर्व्हिसच्या खात्याला फक्त रीड द्या. फुल कंट्रोल लागत नाही. कोडातही स्टोअर लोकल मशीनचं उघडा. रीड द्यायचं राहिलं तर सर्टिफिकेट सापडतं, हॅजप्रायव्हेटकीसुद्धा ट्रू म्हणतं आणि सही करताना मात्र ढेपाळतं. अशा वेळी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टम लॉगला एसचॅनलची, म्हणजे विंडोजच्या टीएलएस सांभाळणाऱ्या भागाची, ३६८७० क्रमांकाची नोंद पडते, आणि तिच्यातला कोड ०३०डी ने संपतो. ही नोंद दिसली की सगळ्यात आधी परवानगी तपासा. सर्व्हिससाठी वेगळं, मर्यादित हक्कांचं खातं करणं मला लोकल सिस्टमपेक्षा जास्त पटतं. कोणाला कशाची परवानगी दिली हे त्यामुळे साफ राहतं.

याच जातीचा आणखी एक प्रकार कारखान्यात हमखास घडतो. ऑपरेटर पासवर्ड विसरला, दुरुस्तीवाल्याने ॲडमिनमधून त्याचा पासवर्ड थेट रीसेट केला. लॉगिन होतं, फायली दिसतात, सर्टिफिकेटही दिसतं, पण प्रायव्हेट की चालत नाही. विंडोज त्या खात्याच्या प्रायव्हेट की पासवर्डशी बांधलेल्या गुपिताने कुलूपबंद ठेवतं. पासवर्ड जुना देऊन बदलला तर कुलूप नव्याने बसतं, बाहेरून रीसेट केला तर जुनं कुलूप उघडत नाही. जुना पासवर्ड आठवला तर तो परत लावून बघा, नाहीतर पीएफएक्स पुन्हा इम्पोर्ट करणं किंवा नवं सर्टिफिकेट घेणं एवढंच उरतं. तुमच्या ४०३ वाल्या मशीनपैकी एखाद्यावर हे झालंय का, हे ऑपरेटरला सरळ विचारा.

विंडोज ७ वाल्या मशीनवर दोन शक्यता एकमेकींत गुंतलेल्या आहेत. पहिली टीएलएसच्या आवृत्तीची. विंडोज ७ मध्ये क्लायंटसाठी टीएलएस १.२ आहे, पण मुळात बंद असतं. तुमचा प्रोग्राम डॉटनेट ४.७ किंवा पुढच्यासाठी बांधलेला असेल तर तो 'ऑपरेटिंग सिस्टम म्हणेल ते' या धोरणाने जातो आणि विंडोज ७ म्हणतं १.०. आजचा कुठलाही शहाणा सर्व्हर १.० घेत नाही. तेव्हा सर्व्हिसपॉइंटमॅनेजरच्या सिक्युरिटीप्रोटोकॉलमध्ये टीएलएस १.२ स्पष्ट द्या, किंवा रजिस्ट्रीत चालू करा. नव्या विंडोजवर मात्र आवृत्ती कोडात ठोकून ठेवू नका, नाहीतर पुढे १.३ आलं की तोच कोड आडवा येतो. विंडोजची आवृत्ती बघून फक्त ७ साठी ही ओळ चालवा.

दुसरी शक्यता पीएफएक्सच्या आतल्या एन्क्रिप्शनची. ओपनएसएसएल या सर्टिफिकेटं बनवायच्या साधनाची ३.० आवृत्ती २०२१ मध्ये आली आणि तेव्हापासून ती पीएफएक्स एईएस-२५६ ने बनवते. जुन्या विंडोजला ती उघडता येत नाही, आणि संदेश येतो की नेटवर्क पासवर्ड चुकीचा आहे. पासवर्ड अगदी बरोबर असतो. लोक कॅप्स लॉक तपासत बसतात, खरेदीदाराला पुन्हा पासवर्ड मागतात, तेही वैतागतात. उपाय म्हणजे ओपनएसएसएलमध्ये पीकेसीएस१२ एक्सपोर्ट करताना लेगसी पर्याय देणं, किंवा विंडोज १० वर इम्पोर्ट करून एक्सपोर्टच्या वेळी ट्रिपलडीईएस निवडणं. चालेल. पण विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला आहे, आणि ज्या मशीनवर बाहेरच्या कंपनीत ओळख पटवणारी प्रायव्हेट की ठेवायची ते मशीन इतकं उघडं असू नये. मी त्या मशीनवर सर्टिफिकेट बसवणारच नाही. डिस्पॅचची नोंद तिथून होऊ द्या, पाठवणं दुसऱ्या मशीनवरून करा.

तीन छोट्या गोष्टी यादीत ठेवा. अँटिव्हायरसमध्ये एचटीटीपीएस स्कॅनिंग चालू असेल तर तो मध्ये बसून स्वतः सर्व्हरशी बोलतो आणि त्याच्याकडे तुमची प्रायव्हेट की नसते, त्यामुळे क्लायंट सर्टिफिकेट तिथेच गळतं. खरेदीदाराचा पत्ता त्यातून वगळा. मदरबोर्डवरची बॅटरी गेली असेल तर लाइट गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि सर्टिफिकेटं 'अजून सुरू न झालेली' ठरतात. आणि खरेदीदाराने आयपी व्हाइटलिस्ट केले असतील तर कारखान्याच्या ब्रॉडबँडचा आयपी स्थिर आहे का ते बघा, कारण तेव्हाही ४०३ येऊ शकतो आणि सर्टिफिकेटचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

कोडाबद्दल फार लिहायला नको, कारण तो तुमचा ठीक दिसतो. हँडलर एकदाच करा, त्यात सर्टिफिकेट घाला आणि त्यावरचा एचटीटीपीक्लायंट प्रोग्रामभर वापरा. सर्टिफिकेट कनेक्शनला चिकटतं, रिक्वेस्टला नाही. म्हणून सर्टिफिकेट बदललं तर हँडलरही नवा लागतो. सगळ्यात सोपं म्हणजे प्रोग्राम बंद करून सुरू करणं. दर रिक्वेस्टला पीएफएक्स फाइलमधून लोड करू नका. विंडोजवर तसं केलं की दर वेळी प्रायव्हेट कीची एक फाइल डिस्कवर तयार होते. ऑब्जेक्ट नीट संपला तर ती पुसली जाते, प्रोग्राम मध्येच मेला तर राहते, आणि पर्सिस्टकीसेट दिलं असेल तर कायमची राहते. प्रोग्रामडेटामधल्या क्रिप्टो, आरएसए, मशीनकीज या फोल्डरात हजारो फायली दिसल्या तर कारण हेच. त्या आंधळेपणाने पुसू नका, त्यातच चालू सर्टिफिकेटांच्या प्रायव्हेट कीही असतात. नव्या डॉटनेटमध्ये पीईएम फाइलींवरून सर्टिफिकेट बनवलं तर प्रायव्हेट की फक्त मेमरीत राहते आणि विंडोजचं एसचॅनल ती घेत नाही. ते सर्टिफिकेट मेमरीतच पीएफएक्समध्ये एक्सपोर्ट करून पुन्हा लोड केलं की चालतं. बघायला विचित्र वाटतं, पण विंडोजवर प्रचलित तोडगा हाच आहे.

एक गोष्ट मात्र कृपया करू नका. अडलं की लोक सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासणाऱ्या कॉलबॅकमध्ये थेट ट्रू परत करतात. त्याने तुमचं क्लायंट सर्टिफिकेट जायला लागणार नाही, कारण ती उलट दिशेची तपासणी आहे. होईल एवढंच, की मधला कोणीही स्वतःला खरेदीदार म्हणवून तुमच्या पॅकिंग लिस्ट घेऊ शकेल.

नव्या विंडोजवरचा एक पेच सांगून ठेवतो, कारण कारखाना मशीन बदलेल तेव्हा तो येऊ शकतो. काही सर्व्हर सुरुवातीला सर्टिफिकेट मागत नाहीत, ठरावीक पत्त्यावर गेल्यावरच मागतात. टीएलएस १.२ मध्ये त्यासाठी हँडशेक पुन्हा होतो. १.३ मध्ये ती सोय काढून टाकली आहे, तिच्या जागी आलेली पद्धत सगळे क्लायंट पाळत नाहीत, आणि एचटीटीपी/२ वर तर दोन्हींना मनाई आहे. विंडोजच्या एसचॅनलमध्ये १.३ विंडोज ११ आणि सर्व्हर २०२२ पासून आहे. म्हणजे विंडोज १० वर चालणारा प्रोग्राम ११ वर नेला आणि ४०३ सुरू झाला तर १.२ आणि एचटीटीपी/१.१ ची सक्ती करून बघा. चालला तर कायमचा उपाय खरेदीदाराकडे आहे: या कामासाठी वेगळं होस्टनेम, जे पहिल्याच हँडशेकमध्ये सर्टिफिकेट मागेल.

प्रोग्राम व्हीबी ६ किंवा एक्सेल मॅक्रोत असेल, तर विनएचटीटीपीमध्ये सेटक्लायंटसर्टिफिकेट ही मेथड आहे. तिला स्टोअरचा मार्ग आणि सर्टिफिकेटचं नाव द्यायचं. नावावरून शोध असल्यामुळे नूतनीकरणानंतर एकाच नावाची दोन झाली की जुनं उचललं जाऊ शकतं. जुनं काढून टाका.

आता खरा मुद्दा, जो तुम्ही विचारला नाहीत. पीएफएक्स आणि पासवर्ड दोन्ही मेलने आले, म्हणजे ती प्रायव्हेट की खरेदीदाराच्या मेलबॉक्समध्ये, तुमच्या मेलबॉक्समध्ये, चार मशीनवर आणि बहुधा कोणाच्या तरी पेनड्राइव्हवर आहे. एखादं मशीन चोरीला गेलं तर सर्टिफिकेट रद्द करावं लागेल आणि चारही ठिकाणचं काम थांबेल. कोणत्या मशीनवरून काय गेलं हेही सांगता येणार नाही. पीएफएक्स प्रोग्रामच्या ईएक्सईमध्ये रिसोर्स म्हणून दडवणं हा तर उपायच नव्हे. डॉटनेटची ईएक्सई उघडून आतलं वाचणारी फुकट साधनं आहेत.

दर मशीनला वेगळं सर्टिफिकेट घ्या, आणि प्रायव्हेट की त्या मशीनवरच तयार करा. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टरेक आहे. एक छोटी आयएनएफ फाइल लिहायची: सब्जेक्टमध्ये कारखान्याचं आणि मशीनचं नाव, कीची लांबी २०४८, एक्स्पोर्टेबल फॉल्स, सर्व्हिससाठी असेल तर मशीनकीसेट ट्रू, आणि वर दिलेला क्लायंट ऑथेंटिकेशनचा क्रमांक. सर्टरेक न्यू ने रिक्वेस्ट फाइल तयार होते. ती मेलने बिनधास्त पाठवा, तिच्यात प्रायव्हेट की नसते. खरेदीदार सही केलेलं सर्टिफिकेट परत पाठवतो, ते सर्टरेक ॲक्सेप्ट ने बसवायचं, त्याच मशीनवर, त्याच खात्यातून. या दोन पायऱ्यांच्या मध्ये कोणी मशीन फॉरमॅट केलं तर प्रायव्हेट की गेली, पुन्हा पहिल्यापासून. खरेदीदार सीएसआर, म्हणजे ही रिक्वेस्ट फाइल, घ्यायला तयार नसेल आणि पीएफएक्सच देणार असेल, तर निदान पासवर्ड फोनवर घ्या, इम्पोर्ट करताना एक्सपोर्टची परवानगी देऊ नका आणि मूळ फाइल पुसा. सर्टयूटिलच्या इम्पोर्टपीएफएक्स आज्ञेला नोएक्सपोर्ट जोडलं की तेच होतं. अर्थात एक्सपोर्ट बंद असलं तरी त्या खात्यात घुसलेला व्हायरस प्रायव्हेट की वापरू शकतो, तेव्हा याला पोलादी तिजोरी समजू नका. मशीनमध्ये टीपीएम (की सांभाळणारी सुरक्षा चिप) असेल तर आयएनएफमध्ये प्रोव्हायडर म्हणून मायक्रोसॉफ्ट प्लॅटफॉर्म क्रिप्टो प्रोव्हायडर द्या. मग प्रायव्हेट की त्या चिपशी बांधली जाते, आणि डिस्क काढून नेली तरी उपयोगाची राहत नाही.

कारखान्याच्या मालकांचा डीएससीचा (डिजिटल सहीचा) यूएसबी टोकन वापरता येईल का, हा प्रश्न पुढे येईलच, कारण तो टेबलाच्या खणात पडलेला असतो. तांत्रिकदृष्ट्या कधी कधी जमतं: खरेदीदाराच्या सर्व्हरने भारतीय सीसीएच्या (डिजिटल सहीची सर्टिफिकेटं देणाऱ्या संस्थांच्या सरकारी नियंत्रकाच्या) साखळीवर विश्वास ठेवला पाहिजे आणि सर्टिफिकेटमध्ये क्लायंटचा हेतू पाहिजे. पण टोकन पिन मागतो, आणि सर्व्हिस ज्या सेशनमध्ये चालते तिथे पिनची खिडकी कोणाला दिसत नाही. शिवाय तो टोकन म्हणजे मालकांची कायदेशीर सही आहे. ती डिस्पॅचच्या मशीनला दिवसभर लावून ठेवणं मला अजिबात मान्य नाही.

मुदतीची सोय आत्ताच करा. प्रोग्राम सुरू होताना सर्टिफिकेटची शेवटची तारीख वाचा आणि तीस दिवस उरले की रोज ठळक पट्टी दाखवा, कारण मेल कोणी वाचत नाही. नूतनीकरण झालं की थंबप्रिंट बदलतो. खरेदीदाराच्या बाजूने थंबप्रिंटवरून ओळख जुळवलेली असेल तर नवं सर्टिफिकेट आधी त्यांना कळवावं लागतं, आणि आठवडाभर तरी जुनं-नवं दोन्ही चालू ठेवायला सांगा. कोडात थंबप्रिंट न ठेवता कॉन्फिगमध्ये ठेवा, म्हणजे बदलायला प्रोग्राम पुन्हा बांधावा लागणार नाही. सर्टिफिकेट वर्षाचं असेल तर ते कोणत्या महिन्यात घेताय तेही बघा. जानेवारीच्या मध्यात घेतलंत तर दर वर्षी ते गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, जत्रेच्या दिवसांत संपेल, जेव्हा कारखान्यात पट्टी बघायलाही कोणी नसतं.